दगडी दही आणि जवसाचं तेल

ताजिकिस्तानच्या राजधानीत, दुशान्बेच्या मेहरगोन बाजारात, दूधदुभत्याच्या गाळ्यांवर पांढऱ्या गोळ्यांच्या राशी लावलेल्या असतात. काही गोळे सुपारीएवढे, काही लिंबाएवढे, काही मुठीत दाबून लांबट केलेले. लांबून खडूचे तुकडे वाटतात. जवळ जाऊन एक उचलला तर त्यावर करणारीच्या बोटांचे ठसे दिसतात, आपल्या मुटक्यांवर उमटतात तसे. विकणाऱ्या बाईंनी त्यातला एक माझ्या तळहातावर ठेवला आणि तोंडात टाकायची खूण केली. दाताला तो दाद देईना. गालात धरून ठेवला. आधी नुसतं मीठ लागलं. मग आंबटपणा हळूहळू सुटायला लागला. गाळ्यांची ती ओळ संपवून मी जर्दाळूंच्या ढिगांपाशी पोचले, तेव्हा कुठे जिभेवर ताकाची चव आली. जुन्या, घट्ट, उन्हात तापलेल्या ताकाची.

हा कुरुत. दही गाळून, मीठ घालून, गोळे वळून, उन्हात दगड होईपर्यंत वाळवलेला. तो गरम पाण्यात कोळायचा. फतीर नावाच्या, पापुद्रे सुटलेल्या रोटीचे तुकडे लाकडी ताटात पसरायचे आणि त्यावर हे आंबट पाणी ओतायचं. वरून कढत जवसाच्या तेलातला कांदा, मूठ मूठ हिरवा पाला, काकडी, टोमॅटो. मग सगळ्यांनी भोवती बसून त्या एकाच ताटातून हातानं खायचं. याचं नाव कुरुतोब. 'ओब' म्हणजे पाणी, आपल्या 'पंजाब'मधला आब. 'कुरुत' हा शब्द मात्र तुर्की कुळातला, वाळणं या अर्थाच्या धातूवरून आलेला. मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांची बोली आणि ओढ्याकाठी गहू पेरणाऱ्या फारसीभाषकांची बोली, दोन्ही या एका नावात आहेत. ताटातही तसंच. कुरणावरचं दूध आणि शेतातला गहू.

ताजिकिस्तान म्हटलं की बाहेरचे लोक पुलाव सांगतात. ओशी पलव. मटण, पिवळं गाजर आणि तांदळाचा तो पुलाव थोर आहेच, त्याशिवाय तिथं लग्न लागत नाही. २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. त्याच बैठकीत उझबेकिस्तानच्या पुलावाचीही झाली. एकाच कढईवर दोन देशांनी नावं घातली, आणि त्याला कारण आहे. १९२४ साली सोव्हिएत सरकारनं मध्य आशियाची वाटणी केली तेव्हा समरकंद आणि बुखारा ही फारसी बोलणारी जुनी शहरं उझबेकिस्तानात गेली. ताजिकांच्या वाट्याला आले ते मुख्यतः डोंगर. आजही देशाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग डोंगराळ आहे. शहरातला पुलाव दोघांचा झाला. डोंगरातला कुरुतोब मात्र ताजिकांकडे राहिला. दुशान्बेत मी ज्याला ज्याला विचारलं की तुमचं म्हणून खास असं काय आहे, त्यानं हेच नाव सांगितलं. सांगताना बहुतेकांचा हात नकळत बोटं जुळवून घास उचलल्यासारखा व्हायचा.

कुरुतची युक्ती फार जुनी आहे. रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू १२५३ ते १२५५ या काळात मंगोल खानाच्या दरबारी जाऊन आला. त्यानं आपल्या प्रवासवर्णनात हे लिहून ठेवलंय: लोणी काढून उरलेलं ताक हे लोक आंबवून आटवतात, उन्हात वाळवून लोखंडाच्या कीटासारखं कडक करतात, आणि हिवाळ्यात दूध नसताना कातडी पिशवीत गरम पाण्याबरोबर घुसळून पितात. पावणेआठशे वर्षं होऊन गेली. कातडी पिशवी गेली, बाकी कृती तीच.

या मुलखातला हिवाळा डोळ्यांपुढे आणल्याशिवाय कुरुतचं मोल कळत नाही. दुशान्बेहून उत्तरेला खुजंदकडे जाणारा रस्ता अंझोबच्या घाटातून जायचा आणि बोगदा होईपर्यंत तो दर हिवाळ्यात बर्फानं बंद पडायचा. देशाच्या दोन मोठ्या शहरांची ही गत, तर वरच्या दऱ्यांतल्या गावांचं काय होत असेल? गुरं आटलेली, वाट बुजलेली. घरात असायचं ते पीठ, वाळवलेली तुती, जर्दाळू आणि माळ्यावर टांगलेली कुरुतची पिशवी. मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा हे तिघं मिळून राखण करतात, म्हणून कुरुत वर्षानुवर्षं टिकतो. उन्हाळ्यातलं गवत हिवाळ्यात खाण्याची ही सोय.

दुशान्बेच्या पश्चिमेला हिसोर आहे. तिथल्या जुन्या किल्ल्याची वेस, दोन्ही बाजूंना विटांचे जाडजूड बुरूज, सगळ्या पर्यटकांच्या फोटोत असते. त्याच्या पुढच्या एका गावात मी दोन दिवस राहिले. माझ्याबरोबर दुशान्बेतली एक विद्यार्थिनी होती. हिंदी सिनेमे पाहत वाढलेली, त्यामुळे आमचं संभाषण हिंदीतून चालायचं आणि अडलं की ती गाण्यातला शब्द शोधून द्यायची. यजमानीणबाई साठीच्या. मावशीला ताजिक भाषेत 'खोला' म्हणतात, आणि आपल्या मावशीसारखीच ही हाक वयानं मोठ्या कुठल्याही बाईला चालते. मीही त्यांना खोला म्हणू लागले.

जुलैचा शेवट होता. अंगणातल्या तुतीच्या फांदीला पांढऱ्या फडक्याचं एक गाठोडं बांधलेलं होतं आणि त्यातून खालच्या भांड्यात पाणी ठिबकत होतं. मी विचारलं, हे काय? खोला म्हणाल्या, "चक्का."

मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. चक्का. फारसीत 'चकीदन' म्हणजे ठिबकणं. दसऱ्याच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेलं गाठोडं मला आठवलं, त्याखालचं पातेलं आठवलं, आणि "चक्का झाला का गं" असं सकाळी उठल्या उठल्या विचारणारे आजोबा. विद्यार्थिनीला मी सांगितलं की आम्हीही याला चक्काच म्हणतो आणि त्यात साखर, वेलदोडा, केशर घालतो. तिनं ते खोलांना सांगितलं. साखरेचं ऐकून खोलांनी गालाला हात लावला. मग बराच विचार करून म्हणाल्या, पाहुण्यांसाठी करत असाल.

त्यांच्या चक्क्यात साखर नाही, मीठ पडतं. दूध विरजून दही. दही घुसळून लोणी. लोण्याचा विकायला आणि साठवायला वेगळा गडू. उरलेल्या ताकाला 'दूग' म्हणतात. ते आटवून, फडक्यात बांधून पाणी काढून टाकायचं, मीठ घालून मळायचं, आणि गोळे वळून गच्चीवर अंथरलेल्या कापडावर मांडायचे. ऊन चांगलं असेल तर काही दिवसांत खडखडीत होतात. पावसाची सर आली तर घरातल्या सगळ्यांनी धावायचं. हे ऐकताना मला आपल्या कुरडयांचं आणि सांडग्यांचं वाळवण दिसत होतं. तेच उन्हाकडे डोळे लावून बसणं, तीच पोरांना राखणीला बसवण्याची पद्धत. खोलांच्या जाऊबाई उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर जातात. त्या कुरणांना आयलोक म्हणतात. तिथून येणारा मेंढीच्या दुधाचा कुरुत खोला वेगळ्या पिशवीत ठेवतात. तो उग्र असतो, आणि त्यांच्या मते खरा तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फतीर करायला घेतलं. हे मला जवळून पाहायचं होतं.

कणीक साधीच, मैद्यासारख्या पिठाची, मीठ घालून घट्ट भिजवलेली. पण लाटण हातभर लांबीचं आणि पोळी चादरीएवढी. खोलांनी ती लाटणावर गुंडाळून, फिरवून, पुन्हा पसरून इतकी पातळ केली की खालच्या फळ्यांच्या चिरा दिसू लागल्या. मग तिच्यावर लोणी फासलं, कडेपर्यंत, तळव्यानं. मग वळकटी. मग त्या वळकटीचे लांब पट्टे, आणि पट्ट्याचा पुन्हा चक्राकार गोळा. चिरोटे करणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको: साटा लावणं, गुंडाळी करणं, लाटी दाबताना पदर मोडू न देणं. खोलांच्या अंगठ्याला ते पुरतं ठाऊक होतं. कडा दाबायच्या वेळी त्यांचा अंगठा मध्यभागाला शिवतच नव्हता. गोळा थोडा वेळ गारव्याला ठेवून परत लाटला आणि तनूरमध्ये चिकटवला. तनूर म्हणजे तंदूरच. हाताला पाणी लावून, कोपरापर्यंत आत घालून. बाहेर आलेल्या फतीरला त्यांनी पालथं पडू दिलं नाही. ताजिक घरात रोटी पालथी ठेवत नाहीत, तिचा चुरा पायाखाली येऊ देत नाहीत, आणि पडलाच तर उचलून उंचावर ठेवतात, पाखरांसाठी.

कुरुत कोळायला त्यांनी एक मातीची परात काढली. आतून तळ मुद्दाम खरबरीत ठेवलेली. अशा भांड्याला 'तगोरा' म्हणतात. आपल्या गवंड्याची तगारी तीच. गोळे रात्रभर भिजलेले होते. खोला एकेक गोळा तळाशी घासत होत्या, चंदन उगाळावं तसा, आणि कोमट पाण्याची धार सोडत होत्या. पाणी पांढरं झालं, मग दाट झालं. मी करून पाहिलं. पाच मिनिटांत मनगट भरून आलं. शहरात आता हे मिक्सरमध्ये करतात, दुशान्बेतल्या पोरीनं सांगितलं. खोलांनी मान हलवली, पण नापसंतीनं नव्हे. त्यांची सून मिक्सरच वापरते आणि ते त्यांना चालतं. त्या स्वतः हातानं करतात, कारण गोळ्यात कुठे खडा किंवा लोकर असेल तर ती बोटालाच लागते.

आता तेल. इथे माझं आणि दुशान्बेच्या निम्म्या उपाहारगृहांचं भांडण आहे.

कुरुतोबचं तेल जवसाचं. जवसाला ताजिकमध्ये 'झगीर' म्हणतात आणि तेलाला 'रवगन'. रवगन म्हणजे आपलं रोगण. मराठीत तो शब्द दारं-खिडक्या रंगवण्यापुरता उरला. आणि गंमत म्हणजे ते रोगणही जवसाच्याच तेलात कालवलेलं असायचं. विदर्भातल्या जुन्या माणसांना हे तेल परकं वाटणार नाही. तिकडे जवसाचं तेल खाण्यात होतं, भाजीवर कच्चं घेत, आणि त्याच्या वासाची आठवण काढणारे अजून भेटतात. तो वास सोपा नाही. थोडा ओल्या लाकडाचा, थोडा माशाचा, थोडा कडसर. खोलांनी कढईत तेल घातलं आणि ते चांगलं धुरावेपर्यंत थांबल्या. पहिला धूर निघून गेला की वास बदलतो, भाजलेल्या तिळाच्या जवळ जातो. मग कांदा. चिरलेला नाही, अर्धचंद्राच्या जाड कापांचा, अर्धा तेलात परतायचा आणि अर्धा कच्चा ठेवायचा.

सोव्हिएत काळात खोऱ्याखोऱ्यांतून कापूस आला आणि कापसाबरोबर सरकीचं तेल घराघरात शिरलं. जवसाचे तुकडे कमी झाले. बैल नाहीतर घोडा फिरवून चालवायचे लाकडी घाणे, ज्यांना तिकडे जुवोझ म्हणतात, थोडेच उरले. आज राजधानीत कुरुतोब खायला गेलं तर बरेचदा सूर्यफुलाचं तेल पडतं, वर मटणाचे तुकडेही. मटण लोकांना आवडतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जवसाशिवायचा कुरुतोब नुसता आंबट होतो. आंबटाला धरून ठेवणारा तो कडसरपणा गेला की ताटात दह्यात भिजलेली रोटी उरते.

तबक आणलं. हो, तबकच म्हणतात. आपल्याकडे पूजेचं आणि विड्याचं तबक पितळेचं, चांदीचं. यांचं लाकडी, एकाच ओंडक्यातून कोरलेलं, पाच-सहा जणांना पुरेल एवढं. तेलानं काळं, गुळगुळीत झालेलं. फतीरचे तुकडे हातानं मोडले. सुरी लावत नाहीत. वरून गरम कुरुतचं पाणी. फतीर फुगली, पापुद्रे सुटे झाले. मग कढत तेल आणि कांदा, चर्र असा आवाज. त्यावर काकडी, टोमॅटो, पातीचा कांदा, कोथिंबीर, शेपू, जांभळ्या देठाची तुळशीसारखी रैहोन. कडेला अख्ख्या हिरव्या मिरच्या. त्या मी चावून खाल्ल्या तेव्हा घरात माझी पत वाढली.

दस्तरखोन अंथरलेलं होतं. हात धुऊन, ओंजळ चेहऱ्यावरून फिरवून सगळे बसले. प्रत्येकानं आपल्या समोरच्या भागातून खायचं. दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही. पण दुसऱ्याच्या बाजूला ढकलायचं मात्र असतं. खरपूस कांदा, तेलानं माखलेला मधला तुकडा, टोमॅटोची चांगली फोड बोटाच्या टोकानं सरकवत शेजाऱ्याच्या पुढ्यात नेतात, आणि कुणी त्याकडे बघत नाही. खोलांचा नातू चार वर्षांचा. त्यानंही एक काकडी माझ्याकडे ढकलली. "ओश शवद," म्हणाला. जेवण गोड लागो, असं.

चव सांगते. पहिला घास गरम, खारट, आंबट. भिजलेली फतीर वरून मऊ आणि आत कुठेतरी अजून कुरकुरीत. मग कच्च्या कांद्याचा चटका, मग जवस. ताकात कुस्करलेली भाकरी, वर तेल-कांदा, असं म्हणता येईल. पण भाकरीच्या कुस्कऱ्यात लोण्याचे पापुद्रे नसतात. काल्याच्या जवळचं हे जेवण आहे. काल्यासारखंच ते वेगवेगळं वाढता येत नाही. दुशान्बेतल्या एका कुरुतोबखान्यात, होय, दवाखाना-कारखान्यासारखा हा शब्द तिथं पाट्यांवर असतो, मी एकटी गेले होते. एकटीसाठी छोटं तबक मिळालं. शेजारच्या टेबलावरच्या कामगारांनी ते पाहिलं, आपसात काही बोलले, आणि त्यांतल्या एका वयस्क माणसानं येऊन, छातीला हात लावून, माझं तबक उचललं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. मागोमाग मी गेले.

कापूस आलेल्या त्या खोऱ्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास सुखाचा नाही. वख्श नदीचं खोरं ओलिताखाली आणून कापूस पिकवायचा म्हणून १९२० च्या दशकापासून गर्म आणि कुलोबकडच्या डोंगरांतली गावंच्या गावं खाली आणली गेली, कित्येक बळजबरीनं. डोंगरातल्या माणसांना सपाटीवरचा उन्हाळा आणि हिवताप सोसेना. दूधदुभतं आणि त्याबरोबर कुरुत वळण्याची रीत त्यांनी सोडली नाही. १९९१ च्या सप्टेंबरात देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी यादवी पेटली. २७ जून १९९७ रोजी मॉस्कोत करार होईपर्यंत हजारो माणसं मेली, लाखो बेघर झाली. खालच्या खोऱ्यांत शेजारी शेजारी वसवलेली माणसं, कुलोबकडची आणि गर्मकडची, एकमेकांवर उठली. दोघांच्याही घरी कुरुतोब होतो, आणि दोघांच्याही घरी तो एकाच तबकातून खातात. खोलांनी त्या वर्षांबद्दल फक्त एवढं सांगितलं की पीठ मिळत नव्हतं, आणि शेजारच्या घरातली, दुसऱ्या भागातून आलेली बाई रात्री भिंतीवरून कुरुतची पिशवी देऊन गेली. मग ते घर रिकामं झालं. ती कुठे गेली ते कळलं नाही. हे सांगून झाल्यावर त्या उठल्या आणि त्यांनी चहा आणला.

पुलावाला उस्ताद असतात. लग्नात मोठ्या कढईपुढे पुरुष उभे राहतात, त्यांची नावं होतात, त्यांना बोलावणी येतात. कुरुतोबला उस्ताद नाही. कुरुत बाया वळतात, फतीर बाया लाटतात, उन्हाळाभर गच्चीवर बाया वाळवतात, आणि ताटात वाढेपर्यंत त्यातलं कुठलंच काम काम म्हणून मोजलं जात नाही. मला वाटतं, जगाच्या याद्यांत पुलाव आधी पोचला याचं हेही एक कारण असावं. वाळवणाची मिरवणूक निघत नाही.

आणि आता बऱ्याच गावांत पुरुष नाहीतच. दहा लाखांच्या आसपास ताजिक माणसं रशियात कामाला असतात: बांधकामावर, गोदामांत, रस्त्यांवर. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर देशाचा मोठा हिस्सा चालतो. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत सुकामेवा असतो आणि कुरुत असतो. विमानाला चालतो, सांडत नाही, नासत नाही.

खोलांचा धाकटा मुलगा येकातेरिनबर्गला इमारतींवर काम करतो. दिवेलागणीला आम्ही जेवत असताना त्याचा फोन आला, चित्राचा. दोन्हीकडे घड्याळात तेवढेच वाजले होते. त्याच्या मागे खिडकीत मात्र अजून लख्ख ऊन होतं. अंगात सिमेंट उडालेली बंडी. त्यानं आधी आईची विचारपूस केली, मग पोराची, मग विचारलं, काय जेवताय? खोलांनी काही न बोलता फोन तबकावर धरला.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तेल कुठलं?"

"झगीरचं."

"माझ्या बाजूला कोण बसलंय?"

खोलांनी फोन माझ्याकडे फिरवला. मी उजवा हात छातीला लावला. त्यानंही लावला. मग तो आईला भरभर काहीतरी म्हणाला, विद्यार्थिनीनं ते मला सांगेपर्यंत खोलांचं बोट तबकात पोचलं होतं. मधला तेलानं लाल झालेला कांदा त्या सरकवत होत्या, हळूहळू, वाटेत फतीरचे पदर न मोडता, माझ्या पुढ्यात.